तुरीच्या डाळीचे डोंगर

पोळ्याची मातीची बैलजोडी सण झाल्यावर जाते कुठे हो? माझी यंदा जाहिरातीत गेली!

लातूरला माझी धाकटी बहीण घरीच पाकिटं भरून तूरडाळ विकते. "ताई, पाकिटावर चित्र हवं गं, पण फोटोवाल्याला द्यायला पैसे नाहीत," म्हणाली. मग काय, इथे नांदेडला स्वयंपाकघरातच पाट मांडला. डाळीचे डोंगर, कोथिंबिरीची झाडं, आगकाड्यांची गाडी.

पहिला फोटो उभ्याने काढला, तर नुसता पसारा! मग मोबाइल बैलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि खिडकीचा उजेड एकाच बाजूने घेतला. बैल चालू लागले! फार जवळ जाऊ नये; मागचं धूसर होऊन खेळणं उघडं पडतं. आकाश लेकीने मोबाइलवरच जोडलं. डाळीचा रंग मात्र बदलू दिला नाही. गिऱ्हाईक फसायला नको.

सासूबाई म्हणाल्या, "हा काय पोरखेळ!" त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. तो दाखवूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकंही पाडली.

सासूबाई गप्प. सकाळी बघते तर पाटावर वातींच्या कापसाचे ढग! "आभाळ फार मोकळं वाटत होतं," म्हणाल्या.

पाकिटावर आता तेच ढग आहेत.