वरचे खाणे, खालचे खाणे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. बा वर्धा नदीवर मासे धरतो. पहिल्या वर्षी कोणी विचारले, की मी "शेती करतात" असे सांगून मोकळा होई. मासे धरणे हा पुस्तकाचा विषय असू शकतो, हे मला ग्रंथालयात कळले. आयझाक वॉल्टनचे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १६५३ सालचे. आपल्या देशातल्या नद्यांवरचे एच. एस. थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ सालचे.

इंग्लंडात मे सरता सरता नद्यांवर मेफ्लाय नावाच्या किड्यांचे थवे उठतात. आणि ट्राउट मासा त्यांच्यामागे वेडा होतो. (हाच ट्राउट इंग्रजांनी काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला.) हा किडा वर्ष-दोन वर्षे पाण्याच्या तळाशी काढतो. मग एके दिवशी वर येतो, पाठीवरची कातडी फाटते आणि धुरकट पंखांची माशी बाहेर पडते. ती झाडावर बसून पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा हा एकच कीटकवर्ग. आता पंख काचेसारखे होतात, पण खायला तोंड उरत नाही. एक-दोन दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून ती पंख पसरून पाण्यावर मरून पडते.

गंमत अशी, की यातल्या एकाच अवस्थेवर मासा त्या वेळी तुटून पडतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून पिसे नि रेशीम गुंडाळून केलेली नकली माशी निवडण्याआधी पाणी वाचावे लागते. माशाने वर येऊन बुडबुडा सोडला, तर तो वरची माशी खातो आहे. नुसती पाठ किंवा शेपूट दिसली, बुडबुडा नाही, तर खाणे पाण्याखाली चालले आहे. आधी आकार जुळवायचा, मग ठेवण, रंग शेवटी. आणि दोर ताणायचा नाही; प्रवाहापेक्षा वेगळी चालणारी माशी मासा ओळखतो. यावर तिकडे केवढे वाद! फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या पुस्तकात तरंगत्या माशीचा पुरस्कार केला; जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये पाण्याखालच्या माशीची बाजू मांडली.

हे वाचताना मला रोहण्याची एक संध्याकाळ आठवली. मृगाची पहिली सर पडून गेली होती. वारुळातून पंख फुटलेली उधळी निघाली होती, कंदिलावर आणि नदीच्या पाण्यावर पडत होती. पाणी नुसते उकळल्यासारखे दिसत होते. मी गरीला गांडूळ लावून, शिसे बांधून तासभर बसलो. एक मासा लागला नाही. घरी कालवणाला दुसरे काही नव्हते, म्हणून जीव आणखी कासावीस. बा मागे येऊन उभा राहिला.

"थे वरतं खाऊन रायले, अन् तू खालतं वाढून रायला," तो म्हणाला.

त्याने शिसे सोडले, बारका गळ बांधला, पंखासकट दोन उधळ्या अडकवल्या. "दोर ढिला सोड. पाण्यासंगं जाऊ दे." अंधार पडेपर्यंत सात मासे मिळाले. मूठभर लांबीचे, पण कालवण झाले.

दिवाळीच्या सुटीत मी बाला हॅलफर्ड आणि स्क्यूज यांचा वाद समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "थे मासे इकत होते काय?"

"नाही. हौस म्हणून धरत."

"मंग त्याईले घाई नसन," तो म्हणाला आणि जाळे विणू लागला.

मी मात्र कोंबड्याची दोन पिसे आणि आईच्या शिवणाचा दोरा घेऊन एक माशी बांधलीच. पाण्यावर टाकली, ती दगडासारखी बुडाली. बा म्हणाला, पिसाले जरा तेल लाव.