पडद्यावरची रजनी आणि कोनाड्यातली पावती



चावडीपुढच्या टेबलावर ठेवलेला तो काळा-पांढरा टीव्ही तुम्हांपैकी अनेकांना आठवत असेल. पडद्यावर मुंग्या आल्या की एक पोरगा घरावर चढून एरियल फिरवायचा, खाली बसलेली मंडळी ओरडायची, "थांब, थांब, आता दिसतंय!" आपल्या मराठवाड्यात टीव्ही तसा उशिराच आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५ साली उपग्रहावरून खेड्यांना शेती-आरोग्याचे कार्यक्रम दाखवण्याचा वर्षभराचा प्रयोग झाला, तोही शेजारच्या कर्नाटकात आणि आंध्रात. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुढे 'आमची माती आमची माणसं' आले आणि टीव्ही हा शेतकऱ्याच्याही उपयोगाचा आहे हे पटले.

पण आज आठवण काढायची आहे ती दुसऱ्याच एका कार्यक्रमाची. त्याचे नाव 'रजनी'.

साधी बाई, सरळ प्रश्न

१९८५ साली बासू चटर्जी यांनी ही मालिका केली. प्रिया तेंडुलकर त्यात रजनी झाल्या होत्या. रजनी ही मोठी पुढारी नाही, वकील नाही. चारचौघींसारखी घर सांभाळणारी बाई. गॅसची टाकी वेळेवर मिळत नाही, टॅक्सीवाला मनमानी करतो, कचेरीत काम अडते, अशा रोजच्या गोष्टींवर ती उभी राहून विचारायची, "असे का?" टॅक्सीचालक तर या मालिकेवर इतके चिडले की त्यांनी निषेध केला. खरे बोलले की झोंबतेच!

गोष्ट बनवलेली होती, पण दुखणे खरे होते. आपणही दुकानात जातो, दुकानदार देईल ते घेतो, मागेल ते मोजतो. पावती मागायला भीड वाटते. "आपलाच माणूस आहे," म्हणून गप्प बसतो. रजनीने ती भीड मोडली.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो काही एका मालिकेमुळे झाला नाही. आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ पासून ग्राहक पंचायतीचे काम उभे केले होते. अशा अनेकांची मेहनत त्यामागे होती. टीव्हीने एवढेच केले, की तो विचार घराघरांत बोलता केला.

२०१२ च्या मे महिन्यात आमिर खान यांच्या 'सत्यमेव जयते'ने औषधांच्या किमतीचा विषय असाच देशापुढे मांडला. तेच औषध कंपनीच्या नावाने महाग आणि मूळ नावाने स्वस्त कसे मिळते, हे लोकांना तेव्हा उमगले. आज जनऔषधी केंद्रात अशी औषधे मिळतात. डॉक्टरांना विचारून ती घ्यायला लाजू नका.

शेतकरी ग्राहक आहे का?

तुम्ही म्हणाल, हे सारे शहराचे झाले. आमची मोठी खरेदी म्हणजे बी, खत आणि औषध. त्याचे काय?

हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमचे बियाणे घेतले, पण पीक आले नाही. निगमचे म्हणणे असे, की शेतकऱ्याने बी धंद्यासाठी घेतले, म्हणून तो ग्राहक नव्हे. शिवाय १९६६ चा बियाणे कायदा आहे, त्याप्रमाणे जा. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: शेतकरी हा ग्राहकच आहे आणि त्याला ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागता येते. आणखी एक मोलाची गोष्ट न्यायालयाने सांगितली. शेतकरी घेतलेले सगळे बी पेरतो. पुढे तपासणी करावी लागेल म्हणून त्याने त्यातले राखून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही.

हा निकाल नांदेड-लातूरच्या माणसाने गाठीला बांधून ठेवावा असा आहे. जून २०२० आठवा. मृगाचा पाऊस चांगला झाला, तिफणी चालल्या, आणि आठ-दहा दिवसांनी पाहतो तर रानात सोयाबीनचा कोंबच नाही! मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. टीव्हीवाले बांधावर आले, उकरलेले कुजके दाणे त्यांनी देशाला दाखवले. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळी झालेल्या पावसात बियाण्याचे पीक भिजले होते, हे त्याचे एक मोठे कारण सांगितले गेले.

पण कॅमेरा दोन दिवस असतो. तो गेल्यावर दुबार पेरणीचे बी, खत, मजुरी आणि हुकलेली वाफ हे सारे आपल्याच पदरी येते. त्या वेळी ज्याच्या घरात पावती असते, त्याचे बोलणे टिकते. ज्याने उधारीवर, चिठ्ठीवर बी आणले, त्याचे म्हणणे खरे असूनही हात रिकामे राहतात.

एवढे जरूर करा

बी घेताना पक्की पावती घ्या. तिच्यावर वाण, लॉट नंबर, वजन, किंमत आणि तारीख लिहिलेली आहे का ते पाहा. पिशवी वरून फोडू नका. लेबल राहील अशी खालच्या बाजूने फोडा. रिकामी पिशवी, लेबल आणि पावती एकत्र ठेवा. मूठभर बी काढून ठेवता आले तर फारच उत्तम.

पेरणीआधी घरीच उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने ठेवा, गोणपाट गुंडाळा आणि सावलीत ओलसर राहू द्या. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले तर बी पेरण्याजोगे. त्याहून थोडे कमी असतील तर कृषी सहायकाला विचारून बियाण्याचे प्रमाण वाढवा. फारच कमी असतील तर ते बी रानात टाकू नका. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून पिशव्या आपटू नका, थप्पी उंच लावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नका आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. आपल्या हातची चूक राहिली नाही, तर दुसऱ्याला जाब विचारता येतो.

इतके करूनही उगवले नाही, तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती रानात येऊन पंचनामा करते. त्याची नक्कल मागून घ्या. मोबाइलवर रानाचे फोटोही काढून ठेवा.

तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी कुठली का असेना. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मालाची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवा.

जाहिरातीपासून सावध

ज्या पडद्यावर रजनी आली, त्याच पडद्यावर जाहिरातही येते. हिरवेगार रान, हसरा शेतकरी आणि "दुप्पट उत्पन्न"! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल नव्या कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड होईल तेव्हा होईल, पेरणी आधी होते. म्हणून जाहिरात पाहून वाण ठरवू नका. विद्यापीठाची शिफारस पाहा, शिवारात ज्याने तो वाण घेतला त्याला विचारा.

घरातली रजनी

शेवटचा शब्द भगिनींना. बी आणायला घरधनी जातात, पण कागद कुठे पडतो हे तुम्हालाच ठाऊक! कधी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात, कधी धुण्यात त्याचा लगदा. यंदापासून एक डबा किंवा ट्रंकेतली एक पिशवी ठरवा. बियाण्याची, खताची, औषधाची, दवाखान्याची, प्रत्येक पावती त्यात गेली पाहिजे. दुकानातून रिकाम्या हाताने आलेल्या घरधन्याला विचारा, "पावती कुठं आहे?"

पहिल्यांदा ते चिडतील. रजनीवरही लोक चिडलेच होते. पण ज्या दिवशी रान उगवणार नाही, त्या दिवशी हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल. आपल्या शिवारावर तशी वेळ न येवो. पण आली, तर डबा रिकामा नसावा.