दक्षिणेसाठी उत्तरेकडे

झाशीच्या तटाबाहेर राहून १८५८ चा वेढा पाहिलेल्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या मोहिमेवर असलेले लष्करी डॉक्टर टॉमस लो यांचं पुस्तक तर १८६० सालीच छापून निघालं. तटाच्या आत त्या दिवसांत काय चाललं होतं, हे मराठीत सांगणारा माणूस मात्र पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक होता. त्याने ते कागदावर उतरवलं पंचवीसएक वर्षांनी, आणि तेही कल्याणच्या यजमानांनी आग्रह धरला म्हणून.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक शंभराहून अधिक वर्षं वाचलं जात आहे. बहुतेकांच्या लक्षात ते राहतं ते झाशीच्या राणीमुळे. या लेखात मात्र बोलायचं आहे ते लिहिणाऱ्याबद्दल. हा कर्जात बुडालेल्या घरचा कर्ता मुलगा. स्नानसंध्येत खंड पडू न देणारा, सोवळंओवळं पाळणारा, आणि तरीही देश पेटलेला असताना हजार मैलांची वाट तुडवून आलेला. धाडसाची हौस होती म्हणून तो निघाला, असं म्हणायला पुस्तकात आधार सापडत नाही. त्याला घराबाहेर काढलं कर्जाने आणि घरी परत आणलं आईवडिलांना गंगास्नान घालण्याच्या इच्छेने. मधलं सगळं वाट्याला आलं ते आलं.

कल्याणचे यजमान

चिंतामण विनायक वैद्य हे नाव आज महाभारताचे अभ्यासक आणि मध्ययुगीन भारताचे इतिहासकार म्हणून घेतलं जातं. लोकांनी त्यांना ‘भारताचार्य’ म्हटलं. ते ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते आणि १९०८ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कल्याणचा. या वैद्य घराण्याचे उपाध्ये होते विष्णुभट गोडसे.

उपाध्ये म्हणजे घरच्यासारखाच माणूस. मुंजीला, लग्नाला, श्राद्धपक्षाला तो यायचाच, आणि पंगत उठली की गोष्टी निघायच्याच. त्यांतून तरुण चिंतामणरावांनी एक गोष्ट हेरली असावी : आपल्या भटजींनी पाहिलेलं इंग्रजांच्या बखरींत नाही. साल होतं १८८३. कल्याणात रेल्वे येऊन एकोणतीस वर्षं झाली होती आणि सार्वजनिक वाचनालय सुरू होऊन एकोणीस. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या. शहाण्यासुरत्या माणसांनी घराबाहेरच्या जगाबद्दल लिहावं, ही हवा तेव्हा या बाजूला होती. वैद्यांनी आपल्या उपाध्यांना लिहायला बसवलं.

आज कोणी सांगितलं असतं तर मदतीला नकाशे, तारखा, छापील आधार असते. विष्णुभटांजवळ होती फक्त आठवण आणि ती जपण्याची भिक्षुकाची रीत. पुस्तकात तारखा इकडेतिकडे होतात, ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींत मिसळतात. पण कुठल्या गावी कोणी उतरवून घेतलं, जेवायला काय मिळालं, कोणत्या यजमानाने किती दक्षिणा दिली, हे त्यांना पाव शतकानंतरही सांगता येत होतं.

घरचं कर्ज आणि मथुरेचा यज्ञ

दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाई मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यावर लाखांनी खर्च होणार, ही बातमी १८५७ च्या आरंभी कोकणातल्या भिक्षुकांपर्यंत पोचली होती. पेशवाई जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. रमण्याची दक्षिणा वाटणारे पुण्यात उरले नव्हते. मोठी मराठी राजघराणी बहुतेक उत्तरेत होती : ग्वाल्हेर, इंदूर, धार, झाशी, आणि ब्रह्मावर्ताला नानासाहेब. वेदविद्येला रोख किंमत मिळायची ती तिकडेच.

घरून सहज परवानगी मिळाली नाही. उत्तरेकडे माणसं भांग पितात, तिथल्या बायका परक्या माणसाला भुलवतात, अशी धास्ती घरच्यांच्या मनात होती. शेवटी काका रामभट बरोबर निघाले तेव्हा निरोप मिळाला. या काकांनी पुढे सगळ्या प्रवासात पुतण्याला सांभाळलं, आणि पुतण्यानेही त्यांना. एकट्याने निघालेल्या वीराची गोष्ट म्हणून हे पुस्तक वाचलं, तर काका-पुतण्याची जोडी निसटून जाते.

त्या वर्षी मुंबईकडून निघालेला रूळ कल्याणच्या पुढे वाशिंदपर्यंत पोचला होता. बोरघाट आणि थळघाट रेल्वेला अजून ओलांडायचे होते. त्यामुळे पुणे, नगर, धुळे आणि पुढे सातपुडा ही वाट पायीच. खर्चाची शिदोरी तुटपुंजी, रात्रीचा मुक्काम देवळात, धर्मशाळेत किंवा ओळखीच्या ब्राह्मणाच्या ओसरीवर. ज्यांची ओळख नाही त्यांच्याकडे वेदपठण हीच ओळख.

शिपायांनी सांगितलेली बातमी

वाटेत त्यांना कंपनीचे शिपाई भेटले आणि लवकरच मोठा गहजब होणार असल्याचं त्यांनी या प्रवाशांना सांगितलं. काडतुसांची चरबी, कलकत्त्यात राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं वाचून दाखवल्याची कथा, हे सगळं विष्णुभट ऐकलं तसं लिहितात. कलमांची ती सभा इतिहासात सापडत नाही. पण १८५७ साली रस्त्यावरच्या माणसाला काय खरं वाटत होतं, त्याचा हा नमुना आहे. सरकारी अहवालात बंडाची कारणं सापडतात, इथे अफवा कशी चालत आली ते सापडतं.

शहाणपण परत फिरण्यात होतं. पण परत जायचं तर कर्ज तसंच आणि यज्ञाची दक्षिणाही गेली. दोघे पुढे गेले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असं करत बंडाच्या ऐन भरात ते झाशीला पोचले. मथुरेच्या यज्ञाचा बेत धामधुमीत मागे पडला होता. ज्या कारणासाठी निघाले ते कारणच वाटेत नाहीसं झालं.

तटाच्या आत

झाशीचं वर्णन हा पुस्तकाचा गाभा. झाशीचे राजे गंगाधरराव १८५३ साली वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने दत्तकविधान नाकारून राज्य खालसा केलं. झाशीत बंड झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी कारभार हाती घेतला. विष्णुभट तिथे भिक्षुक म्हणून राहिले, त्यामुळे त्यांना राणी दिसली ती देवघराच्या आणि दानधर्माच्या बाजूने. पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, मग स्नान, पार्थिवपूजा, त्यानंतर दरबार. कधी पुरुषी पोशाख, कधी पांढरं नेसणं. महालक्ष्मीच्या दर्शनाला निघालेली स्वारी, आणि वेढ्याच्या तोंडावर वाड्यात झालेलं हळदीकुंकू. शत्रू वाटेवर असताना शहर सण साजरा करत होतं, हे तिथे जेवायला बसलेल्या माणसालाच ठाऊक असणार.

मार्च १८५८ च्या उत्तरार्धात ह्यू रोजच्या तोफा सुरू झाल्या. मदतीला येणाऱ्या तात्या टोप्यांच्या फौजेचा १ एप्रिलला बेटवाकाठी मोड झाला आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात इंग्रज शहरात शिरले. राणी रात्रीच्या अंधारात निसटल्या. शहर मात्र मागेच राहिलं, आणि त्यात विष्णुभट आणि रामभट.

पुढची पानं वाचणं सोपं नाही. लुटीलाही एक क्रम होता, हे विष्णुभटांच्या लक्षात राहिलं : आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य. जीव मुठीत धरून लपलेला माणूस हे नोंदवतो, कारण घरात काय असतं आणि ते जाण्याचा अर्थ काय, हे गरिबाला नेमकं कळतं. रस्त्यांत पडलेली प्रेतं, दहनाला माणसं नसल्याने चौकाचौकांत पेटवलेले ढीग, पाण्यासाठी झालेले हाल. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उधळला गेल्याचं त्यांना विशेष दुःख झालं. जन्मभर पोथीवर जगलेल्या माणसाला ते लागणारच.

आणि मिळवलेली दक्षिणा? तीही लुटीत गेली. वर्षभर हिंडून घरच्या कर्जासाठी साठवलेलं सगळं एका आठवड्यात संपलं.

विहिरीवर

झाशीतून सुटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची राणींशी गाठ पडली. अंगावर पठाणी पोशाख, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी शेंदायला पुढे झाले तर राणींनी त्यांना थांबवलं. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असं म्हणून त्यांनी स्वतः शेंदलं आणि मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीने प्यायल्या.

राणीवर लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग पुनःपुन्हा सांगितला आहे. त्यात जातिव्यवस्थेची चौकट स्पष्ट दिसते आणि ती लपवण्याचं कारण नाही. विष्णुभटांचं जग त्या चौकटीतलंच होतं. कोणाच्या हातचं जेवायचं, कोणाकडे उतरायचं, हे प्रश्न त्यांना तोफांच्या माऱ्यातही सुटले नाहीत. मजूर, कारागीर, शिपाई त्यांच्या पानांत येतात ते ओझरते. या मर्यादेसकट हा साक्षीदार स्वीकारावा लागतो. त्याच्या बाजूने इतकंच म्हणता येतं की त्याने स्वतःला मोठं करून दाखवलेलं नाही. भीती वाटली तिथे भीती लिहिली, पळाला तिथे पळालो म्हणून लिहिलं.

काल्पी २३ मे रोजी पडली. जूनमध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणी कामी आल्या.

रिकाम्या हाताने परतायचं नाही

इथवर आलेल्या माणसाने आता घरची वाट धरली असती, तर कोणी नावं ठेवली नसती. विष्णुभटांनी उलट केलं. पैसा गेला, तीर्थं तर राहिली होती. वाटा अजून निवळल्या नव्हत्या, ठिकठिकाणी झडती होत होती, परका मराठी माणूस म्हणजे नानासाहेबांचा हेर असा संशय जिवावर बेतू शकत होता. तरी ते अयोध्या, काशी करून आले. आणि मग गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली.

कावड आणणं म्हणजे प्रवासाच्या श्रमांत नेमाची भर. पाण्याचं पावित्र्य राखायचं, म्हणजे उतरायची जागा, जेवण, स्नान सगळंच जपून. शेकडो मैल हे ओझं सांभाळत ते वरसईला पोचले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. ज्यांना काशी बघणं शक्य नव्हतं त्यांच्यापर्यंत मुलाने काशी आणली. जमाखर्चाच्या वहीत हा प्रवास तोट्याचा दिसेल. विष्णुभटांच्या लेखी तो फिटला होता.

त्यांच्यात आणि नेहमीच्या धाडसी प्रवाशांत हा फरक आहे. विष्णुभट वाटेवर प्रत्येक निर्णय घरच्यांच्या नावे घेतात. पुढे जायचं ते कर्जासाठी, थांबायचं ते काकांसाठी, कावड उचलायची ती आईवडिलांसाठी. बंडाचा ते इतक्या जवळून साक्षीदार झाले, त्यालाही हेच कारण. सैनिक कुठल्या तरी बाजूचा असतो. कर्ज फेडायला निघालेला भिक्षुक सगळ्यांच्या ओसरीवर बसतो आणि सगळ्यांचं ऐकून घेतो.

हस्तलिखिताचं नशीब

विष्णुभटांनी लिहून दिलेलं बाड वैद्यांनी लगेच छापलं नाही. बंडाची हकीकत, तीही राणीबद्दल आदर बाळगणारी, छापणं इंग्रजी अमलात जोखमीचं होतं. लेखक हयात असेपर्यंत ती बाहेर आली नाही. १९०७ साली वैद्यांनी ती प्रसिद्ध केली, पण भाषा सोपी करून, मजकूर कापूनजोडून. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता छापली. मधल्या काळात अमृतलाल नागरांनी हिंदी अनुवाद केला होता. इंग्रजीत मृणाल पांडे, सुखमणी रॉय, प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांची भाषांतरं एकविसाव्या शतकात, तीनचार वर्षांच्या आत आली.

वैद्यांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्या कात्रीने विष्णुभटांच्या बोलीतला खडबडीतपणा बराच गेला. पण ते मागे लागले नसते तर पोतदारांना छापायला संहिताच उरली नसती. अशा आठवणी त्या काळी अनेक घरांतल्या उपाध्यांजवळ, कारकुनांजवळ, तीर्थयात्रा करून आलेल्या म्हाताऱ्यांजवळ असतील. त्या त्यांच्याबरोबरच गेल्या, कारण घरातलं कोणी त्यांना लिहायला सांगितलं नाही.

‘माझा प्रवास’ अजून वाचलं नसेल तर पोतदारांची आवृत्ती मिळवावी. जुन्या वळणाची वाक्यं पहिली दहावीस पानं अडतात, मग जीभ सरावते. आणि झाशीच्या प्रकरणावर थेट उडी मारू नये. वरसईचं घर, त्यावरचं कर्ज आणि निघताना झालेली घालमेल आधी वाचली, तरच हा भिक्षुक जळत्या शहरातून निघूनही घरची वाट न धरता काशीकडे का वळला, ते समजतं.