दिव्यांगांचा पाच टक्के वाटा : पाणी टेलपर्यंत कसे पोचेल?



उसाची लागण, खोडव्याचे खत, पाण्याची पाळी हे आपल्या या पानांचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही एक वेगळा विषय घेतला आहे. पण पाण्याच्या पाळीवरूनच तो समजायला सोपा जाईल. कालव्याला पाणी सुटले, पाटकऱ्याने वहीत लिहिले, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याचे रान भिजले असे होत नाही. मधली फोडाफोडी आणि तुंबलेली चारी यातून जे उरेल ते टेलला. गावातल्या दिव्यांग माणसाच्या हक्काचेही असेच आहे. कायद्याच्या धरणात पाणी आहे, ते सुटलेही आहे. पण टेलला बसलेल्या माणसाच्या बांधापर्यंत ते पोचते का, हे बघायला कुणी जात नाही.

पूर्वी आपण ‘अपंग’ म्हणत होतो, सरकारी कागदात आता ‘दिव्यांग’ म्हणतात. नाव बदलले ते चांगलेच झाले. पण नाव बदलून पायरी उतरत नाही आणि पोट भरत नाही. म्हणून हक्क काय आहे, तो कुठे अडतो आणि आपल्या हातात काय आहे, एवढे तीनच मुद्दे इथे मांडतो.

पाणी किती सुटले आहे?

पहिला मोठा कायदा १९९५ चा. दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत अपंग व्यक्तींसाठी किमान ३ टक्के वाटा राखावा, असे त्यात सरकारला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना बजावले होते. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. मतिमंदत्व आणि मानसिक आजार जुन्यातही होते; नव्याने बुटकेपणा, कंपवात, ॲसिड हल्ल्याची इजा, थॅलेसेमिया, सिकलसेल असे प्रकार आले. आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आढळतात, म्हणून ही भर तिकडे फार मोलाची आहे.

या कायद्याच्या ३७ व्या कलमाने ३ चे ५ टक्के झाले. घर आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांत ५ टक्के आणि दारिद्र्य निर्मूलन व विकासाच्या सर्व योजनांत ५ टक्के. त्यातही स्त्रियांना अग्रक्रम. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्याचा दाखला असेल त्याला हा लाभ मिळतो. महाराष्ट्रात ग्रामविकास विभागाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. वैयक्तिक मदत आणि सगळ्यांच्या सोयीचे काम, दोन्ही त्यात बसते. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले.

म्हणजे ही भीक नव्हे आणि कुणाची मेहेरबानीही नव्हे. आपल्या शेअरवरचा लाभांश जसा आपला, तसा हा त्यांचा वाटा.

शहापूर-मुरबाडचा मुलूख

चारी कुठे तुंबते ते बघायचे असेल तर तिचा शेवट बघावा. म्हणून आम्ही उदाहरण घेतो ते ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण भाग उरला, त्यातला मोठा डोंगरी भाग हाच. इथे आपल्यासारखा ऊस नाही. भात, नाचणी, वरई आणि रान. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही माणसे पाड्यापाड्यांनी राहतात. सबंध शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात.

मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला! धडधाकट बाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते. जिचा एक पाय पोलिओने गेला आहे तिने काय करायचे? भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला ती माणसे आपल्यातच आहेत आणि आता वयाने थकत आहेत.

दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून पाच लाखांच्या आसपास होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे शंभरात अडीचपेक्षा थोडे जास्त. तेच प्रमाण इथे लावले तर दोन तालुक्यांत बारा-तेरा हजार माणसे होतात. हा आमचा ढोबळ हिशेब आहे, मोजलेला आकडा नव्हे. पण शे-दोनशे जणांचा हा प्रश्न नाही, एवढे त्यावरून कळते.

घोडे कुठे पेंड खाते?

पहिली अडचण नोंदीची. ‘आमच्या गावात असं कोण आहे हो?’ असे सहज म्हटले जाते. आहेत, पण दिसत नाहीत. आंधळी म्हातारी ओटीवर बसून असते, मुका पोरगा गुरांमागे जातो, मतिमंद मुलीला घरचे लोक पाहुण्यांसमोर आणत नाहीत. यादीत नाव नाही म्हणून निधी नाही, आणि निधी मागायला कुणी येत नाही म्हणून ‘लाभार्थी उपलब्ध नाहीत’ असा शेरा!

दुसरी अडचण दाखल्याची. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचा दाखला केंद्र सरकारच्या ‘यूडीआयडी’ या संगणकीय पद्धतीनेच मिळतो. अर्ज भरायला मोबाइल लागतो, रेंज लागते, आधारकार्डावरचे नाव जुळावे लागते. मग तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी. हाडांचा, डोळ्यांचा, कानाचा आणि मनोविकाराचा डॉक्टर वेगवेगळा. जो तालुक्याला नसेल त्याच्यासाठी जिल्ह्याला जावे लागते. कसाऱ्याहून ठाणे रेल्वेने सुमारे ८५ किलोमीटर. मुरबाडला रेल्वे अजून नाही. टोकावडे-मोरोशीकडच्या माणसाने आधी एसटीने कल्याण गाठायचे, मग लोकलची गर्दी. दिव्यांगाला एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती एसटीत चढल्यावर! पाड्यापासून रस्त्यापर्यंत त्याला पाठीवर घेऊन येणाऱ्या भावाचा दिवसाचा रोजगार बुडतो, तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

तिसरी अडचण हंगामाची, आणि ही ऊसवाल्यांना लगेच कळेल. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. वर्षातल्या ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. म्हणजे चारांपैकी दोन सभांना ही कुटुंबे गावातच नसतात. घरी राहतो तो म्हातारा किंवा चालता न येणारा माणूस, आणि त्याला सभेला उचलून नेणारे हातच भट्टीवर गेलेले असतात.

चौथी अडचण सगळ्यात आतली आहे. पाच टक्के कशाचे? पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे, म्हणजे घरपट्टी, बाजारकर वगैरेचे. समजा, महामार्गालगत कारखाने-गोदामे असलेल्या एखाद्या पंचायतीचे असे उत्पन्न ४० लाख आहे. तिचे पाच टक्के २ लाख झाले. डोंगरातल्या पंचायतीचे उत्पन्न ६० हजार असले तर पाच टक्के फक्त ३ हजार. त्यात एक चाकाची खुर्चीसुद्धा धड येत नाही. जिथे वाट अवघड, दवाखाना लांब आणि गरज जास्त, तिथेच वाटा लहान. म्हणून लहान पंचायतींच्या दिव्यांगांसाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या पाच टक्क्यांतून आधी दिले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो या पाच टक्क्यांपेक्षा वेगळा. पायाभूत सुविधा हा त्या निधीचा एक भाग आहे. हातपंपाचा ओटा बांधायचाच आहे, तर तो पायऱ्या न ठेवता उताराचा बांधावा, हे ग्रामसभेने ठरवले की त्यासाठी वेगळा निधी शोधावा लागत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३ डिसेंबरच्या जागतिक दिनाला पाच जणांना धनादेश दिले, फोटो काढला, की काम झाले असे नव्हे. पाणी, रस्ता, घरकुल, शाळा, रोजगार या नेहमीच्या कामांतच दिव्यांग माणूस धरला गेला पाहिजे. रोजगार हमी ही तर वि. स. पागे यांनी महाराष्ट्रात रुजवलेली योजना. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या सूचनांत कामावर पाणी देणे, मुले सांभाळणे अशी दिव्यांगांना जमणारी कामे सुचवली गेली. खोरे उचलता येत नाही म्हणून माणूस बिनकामाचा ठरत नाही, हे त्यात मानले होते.

आपल्या पट्ट्यात काय?

कुणी म्हणेल, ते झाले आदिवासी भागाचे. आपल्याकडे रस्ते आहेत, दवाखाने आहेत. खरे आहे. पण कडबाकुट्टीत हात गेलेला, गुऱ्हाळाच्या चरकात बोटे गेलेली, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला माणूस ऊस पट्ट्यात कुणाला माहीत नाही? अपघात होतो तेव्हा सगळे गाव धावते. सहा महिन्यांनी तोच माणूस सोसायटीच्या पायऱ्यांखाली उभा असतो आणि त्याचे काम दुसरा कुणीतरी वर जाऊन करतो. शिवाय आपला ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या मागे गावाकडे कोण राहते? भट्टीवाल्यांच्या घरी राहते तेच. आणि पंचायतींमधला फरक आपल्याकडेही आहे. ज्या गावात कारखाना उभा आहे त्याची करवसुली आणि माळावरच्या गावाची करवसुली सारखी कशी असेल?

शेतकऱ्याच्या अपघातासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख आणि दोन निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी कार्यालयामार्फत करायचा. उशीर केला तर अडचण येते. त्याचप्रमाणे १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची मदत दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. सोबत दिव्यांगत्वाचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला हवा.

आपल्या हातात काय आहे?

सभासदांपैकी कित्येक जण सरपंच आहेत, पंच आहेत, सोसायटीचे संचालक आहेत. नसले तरी प्रत्येक जण ग्रामसभेचा मतदार आहे. म्हणून पुढील कामे कुणाच्या आदेशाची वाट न पाहता करता येतील.

१. यादी करावी. आशाताई, अंगणवाडीताई आणि ग्रामसेवक यांनी वाड्या-वस्त्यांसह घरोघर जाऊन २१ प्रकारांप्रमाणे नोंद घ्यावी. ‘कुणी आंधळं-पांगळं आहे का?’ असे विचारू नये, लोक नाही म्हणतात. चालायला, बघायला, ऐकायला, बोलायला, समजायला कुणाला त्रास होतो का, असे विचारावे.

२. दाखल्याचे शिबिर तालुक्याला मागावे. पाच-सहा पंचायतींनी मिळून ठराव केला तर डॉक्टर येतात आणि दोनशे माणसांची फेरी वाचते. ऊसवाहतुकीची वाहने आपण गावोगाव फिरवतो. एक दिवस शिबिरासाठी जीप देणे अवघड नाही.

३. पाच टक्क्यांचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावा. उत्पन्न किती, पाच टक्के किती झाले, खर्च किती झाला, शिल्लक किती? चार आकडे, पाच मिनिटांचे काम. हंगामात बाहेर जाणाऱ्यांसाठी हा विषय १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेतच घ्यावा.

४. उतार बांधावा. पंचायत, सोसायटी, शाळा, दवाखाना यांच्या जोत्याची उंची मोजा. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. दीड फूट जोत्याला अठरा फूट. रुंदी किमान चार फूट, बाजूला कठडा. यापेक्षा तीव्र उतार म्हणजे घसरगुंडी. ती बांधून उपयोग नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली आहे.

५. त्यांना विचारावे. कुणाला तीनचाकी हवी असेल, कुणाला शेळ्या, कुणाला पिठाची गिरणी, तर कुणाला केवळ ऐकायचे यंत्र. परस्पर ठरवून सगळ्यांना एकच वस्तू वाटली तर ती माळ्यावर पडते. तामिळनाडूने २०२५ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली आहे. आपल्या ग्रामसभेत त्यांना पुढच्या रांगेत बसवून आधी बोलू द्यायला तर कुठलाच कायदा लागत नाही.

सहकाराचा उगमच मुळी एकट्याला न जमणारे काम दहा जणांनी मिळून करण्यात आहे. एकट्या शेतकऱ्याला कारखाना काढता आला नसता; पाचपाच शेअर घेऊन आपण तो उभा केला. गावातला दिव्यांग माणूसही त्याच गावाचा भागधारक आहे. त्याचे पाच टक्के पंचायतीच्या खात्यात पडून राहिले, तर ते कुणी खाल्ले नाहीत एवढेच समाधान. त्याच्या रानात मात्र पाणी गेलेले नाही. येत्या ग्रामसभेत ते चार आकडे विचारा. कुठल्या गावात किती खर्च झाला आणि कशावर झाला, ते आम्हाला कळवा. चांगल्या कामाची माहिती या पानांतून सर्व सभासदांना देऊ.