हंगाम कोणाच्या गावाचा?

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोन खेळ एकाच वेळी जगापुढे उभे राहिले. पहिला बास्केटबॉल. ऑलिंपिकच्या अधिकृत खेळांत त्याला तेथे प्रथमच स्थान मिळाले होते. त्याचे सामने टेनिसच्या उघड्या मैदानांवर झाले. अंतिम सामन्यात पावसाने असा चिखल केला की चेंडू जमिनीवरून उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९ विरुद्ध ८ गुणांनी हरविले. दुसरा खेळ कबड्डी. तो ऑलिंपिकच्या यादीत नव्हता. पण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय व्यायामप्रकारांबरोबर त्याचीही प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या या संस्थेने वऱ्हाडच्या मातीतला खेळ साऱ्या जगाच्या दृष्टीस पाडला, याचा अभिमान वऱ्हाडी माणूस आजही बाळगतो आणि तो रास्तच आहे.

परंतु अभिमानाच्या पुढे एक प्रश्न उभा राहतो. बर्लिनहून हे दोन्ही खेळ आपापल्या वाटेने निघाले. आज बास्केटबॉल इटलीच्या लहान लहान शहरांच्या जीवनाचा भाग होऊन बसला आहे. कबड्डीलाही २०१४ पासून व्यावसायिक लीग लाभली आहे. मात्र ज्या अमरावतीने ती बर्लिनला नेली, त्या अमरावतीचे नाव त्या लीगमध्ये कोठेही नाही. असे का व्हावे? हे उत्तर शोधायचे तर लीगचा हंगाम म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

इटलीतील बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. २०२४-२५ च्या हंगामात तीत १६ संघ होते. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचे, एकदा स्वतःच्या गावी व एकदा प्रतिपक्षाच्या गावी. म्हणजे प्रत्येकाचे ३० सामने, आणि त्यांतील १५ घरच्या अंगणात. त्यानंतर पहिले आठ संघ बाद फेरीत जातात आणि तेथे विजेता ठरतो. त्या वर्षी बोलोन्याच्या व्हिर्तुस संघाने अंतिम फेरीत ब्रेशियाला हरवून आपले सतरावे विजेतेपद मिळविले. विजेत्याला पुढील वर्षभर सदऱ्यावर राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांची छोटी ढाल मिरविता येते.

तथापि या व्यवस्थेचे मर्म विजेत्यामध्ये नसून तळाला आहे. शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालून दोन संघ वर येतात. वर राहण्याचा हक्क कोणालाही कायमचा मिळालेला नाही आणि वर येण्याची वाट कोणालाही कायमची बंद नाही. लीगला अशी शिडी असली, म्हणजे काय घडते? मिलानच्या उत्तरेला कांतू नावाचे गाव आहे. लाकडी सामान व हातविणीची झालर यांसाठी ते ओळखले जाते. त्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या अकोटच्या निम्म्याहूनही कमी. या गावाच्या संघाने १९८२ मध्ये युरोपीय क्लब-विजेत्यांचा चषक जिंकला. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात त्याच्यापुढे उभा ठाकला तो शेजारच्या महानगराचा, मिलानचा संघ. कांतूने तो सामना ६९ विरुद्ध ६८ असा एका गुणाने जिंकला. त्याच परिसरातील वारेसे या शहराने तर १९७० ते १९७६ या काळात हा चषक पाच वेळा घरी आणला. कालचक्र फिरले आणि २०२१ मध्ये कांतूचा संघ खालच्या श्रेणीत घसरला. पण २०२५ मध्ये तो पुन्हा वर आला. गाव पडले, गाव उठले. या साऱ्या उठाठेवीत संघ त्या गावाचाच राहिला.

आता आपल्याकडे वळू. प्रो कबड्डी लीगने या खेळाचे कोटकल्याण केले, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. मातीत, अंधुक दिव्यांखाली खेळला जाणारा हा खेळ तिने दूरचित्रवाणीमुळे घराघरांत नेला. दहाव्या हंगामाच्या लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूईसाठी पुणेरी पलटण संघाने २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. त्या हंगामात पुणेरी पलटणने साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडविले आणि केवळ २ गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणाला २८ विरुद्ध २५ असे हरवून त्या संघाने पहिले विजेतेपद मिळविले. त्याचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर जिल्ह्यातला खेळाडू. पंकज मोहितेने अंतिम सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणले, तो क्षण महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमींच्या दीर्घकाळ स्मरणात राहील.

असे असूनही या लीगला शिडी नाही. २०१७ पासून तिच्यात १२ संघ आहेत. शेवटचा संघ कितीही हरला तरी पुढल्या वर्षी तेथेच असतो आणि बाहेरचा संघ कितीही जिंकला तरी आत येऊ शकत नाही. प्रवेश मिळतो तो संघाचे हक्क विकत घेऊन. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई आणि पुणे हे दोन संघ आले. विदर्भाच्या वाट्याला एकही नाही. २०१७ मध्ये नागपूरच्या मानकापूर संकुलात सामने झाले खरे, परंतु ते बंगळुरूच्या संघाचे ‘घरचे’ सामने होते! बंगळुरूचा संघ नागपुरात यजमान आणि नागपूरकर आपल्याच गावात पाहुणे, असा तो देखावा होता. २०२५ च्या हंगामात तर सर्व सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत उरकण्यात आले. पुण्याच्या संघाने अंतिम फेरी गाठली, पण पुणेकरांना आपल्या गावात त्याचा एकही सामना पाहता आला नाही. ज्या संघाला गावाचे नाव आहे परंतु गाव नाही, तो संघ कोणाचा म्हणावा?

या व्यवस्थेत खेळाडू वर जातो, गाव मात्र जागच्या जागी राहते. क्रिकेटमध्ये हे अधिक स्पष्ट दिसते. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूच्या संघात होता; लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने संघाला पहिल्या दोन क्रमांकांत नेले. अकोल्याचा अथर्व तायडे पंजाब संघाकडून खेळला. दोघांचे यश निर्विवाद आहे. परंतु ज्या मैदानांवर ते घडले, ज्या प्रशिक्षकांनी त्यांना लहानपणी उन्हात उभे केले, त्यांच्या पदरात त्या लिलावातून काय पडले? याच दोघांनी जिच्याकडून रणजी क्रिकेट खेळले, त्या विदर्भाची गोष्ट मात्र निराळी आहे. रणजी स्पर्धा विकत घेता येत नाही. विदर्भ तीत १९५७-५८ पासून खेळत आला, दुय्यम समजला गेला, आणि साठ वर्षांनी, २०१७-१८ मध्ये, विजेता ठरला. पुढच्याच वर्षी पुन्हा ठरला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा ठरला. वाट मोकळी असेल तर हा प्रदेश उशिरा का होईना, वर पोहोचतो, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

यावर कोणी म्हणेल की, व्यावसायिक खेळाला पैसा लागतो आणि पैसा महानगरांतच असतो. आक्षेप खोटा नाही. इटलीतही कारखानदारांच्या पैशाविना संघ चाललेले नाहीत. वारेसेचा संघ त्याच्या सुवर्णकाळात शीतकपाटे बनविणाऱ्या इग्निस कंपनीच्या नावाने खेळत असे. पैशाने तेथे घातही केला आहे. सिएना शहराच्या संघाने २००७ पासून ओळीने सात विजेतेपदे मिळविली. २०१४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि आर्थिक गैरप्रकारांमुळे शेवटची दोन विजेतेपदे पुढे काढून घेण्यात आली. परंतु त्रेव्हिझो शहराचे उदाहरण याच्या शेजारी ठेवले पाहिजे. तेथील पाच वेळा विजेता ठरलेल्या संघामागून बेनेटन या कापडउद्योगाने २०१२ मध्ये हात काढून घेतला. तेव्हा माजी खेळाडू आणि चाहते यांनी नवा संघ उभा केला, खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत नेऊन बसविला. धनिक निघून गेला, पण शिडी जागेवर होती. म्हणून गावाला चढता आले. आपल्याकडे २०१५ मध्ये सुरू झालेली व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१७ नंतर चालली नाही. तिच्यामागे गावे नव्हती, केवळ संघांची नावे होती.

वऱ्हाडात कबड्डीच्या स्पर्धांना तोटा नाही. तोटा आहे तो हंगामाचा. गावोगावच्या स्पर्धा दोन-तीन रात्री चालतात, प्रकाशझोत लागतात, बक्षिसे वाटली जातात. एक सामना हरलेला संघ त्याच रात्री परततो आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत खेळ थंडावतो. ही जत्रा झाली. जत्रेला आपला आनंद असतो, पण तिच्यावर घर चालत नाही. हंगाम हा शब्द शेतकऱ्याचा आहे. पेरणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत एकाच शेतावर राबावे लागते आणि एखादे पाणी चुकले तरी पीक सोडून देता येत नाही. आज अनेक होतकरू मुले शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी लागणारे प्रमाणपत्र हाती येईपर्यंतच खेळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यापुढे खेळत राहण्याजोगे आपण त्यांच्यासमोर काही ठेवलेलेच नाही.

ते ठेवणे आवाक्याबाहेरचे नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचे पाच संघ घेतले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी व बाहेर असे दोनदा खेळायचे ठरविले, तर सारे मिळून २० सामने होतात. दर आठवड्याला दोन याप्रमाणे दहा आठवड्यांचा हंगाम. प्रत्येक गावाला घरचे चार सामने. त्याखाली अचलपूर, अकोट, पुसद, खामगाव, कारंजा अशा गावांची दुसरी श्रेणी असावी. वरचा शेवटचा खाली जाईल, खालचा पहिला वर येईल. याच पाच जिल्ह्यांचे विद्यापीठ अमरावतीत १९८३ पासून आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविणारी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था येथेच आहे. पंच आहेत, मैदाने आहेत, एसटीची गाडी आहे. खर्च प्रवासाचा, जेवणाचा आणि मॅटचा. तो एखाद्या शहराने मनावर घेतले तर उभा राहण्यासारखा आहे. कोट्यवधींचा लिलाव येथे नको. हवे आहे ते दर शनिवारी ठरल्या वेळी होणारे सामने आणि गुणतक्ता फळ्यावर लिहिणारा एखादा शिक्षक.

अशा लीगमध्ये एखाद्या वर्षी अमरावतीच तळाला जाईल आणि अचलपूर तिची जागा घेईल. तसे झाले तर अमरावतीकरांना वाईट वाटेल, आणि वाटलेच पाहिजे. गावाला आपल्या संघाच्या पराभवाचे वाईट वाटू लागते, तेव्हाच तो संघ त्या गावाचा होतो. बर्लिनला गेलेल्या त्या चमूने वऱ्हाडचा खेळ जगाला दाखविला. त्या खेळाला वऱ्हाडातच एक पुरा हंगाम मिळवून देण्याचे काम अद्याप बाकी आहे.