आधी पोतं बांधा, मग चक्कर मारा : धंद्यासाठी जुनी मोटरसायकल घेताना



मागच्या आठवड्यात भिवापूरहून एका तरुणाचा फोन आला. वय तेवीस. घरी मिरची पिकते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या लाल रंगाचं विदर्भाबाहेरही नाव आहे, तरी घरचा माल वर्षानुवर्षं पोत्यानेच विकला जातो. याने ठरवलंय की घरी वाळवायची, तिखट करायचं, अर्ध्या किलोची पाकिटं भरायची आणि उमरेड, पवनी, नांद, कारगाव, मालेवाडा इथल्या किराणा दुकानांत स्वतः जाऊन द्यायची. विचार चांगला आहे. भांडवल साठ हजार. त्यातले पस्तीस हजार जुन्या मोटरसायकलला.

"सर, गाडी एकदम झकास आहे. चालवून पाहिली. टोकन देऊन टाकू का?"

मी विचारलं, किती चालवली? म्हणाला, "चौकापर्यंत नेली न् आणली." एकटाच होतास? "हो." गाडी चालू करून कोणी दिली? "त्यांनीच. मी गेलो तेव्हा चालूच होती."

मी म्हटलं, टोकन थांबव.

मित्रांनो, चौकापर्यंत जाऊन आल्यावर तुम्हाला एवढंच कळतं की गाडी चालते. ती तर विकणाऱ्यालाही माहीत आहे. तुम्हाला कळायला हवं ते वेगळं: चाळीस किलो माल लादून, रोज साठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस ही गाडी तुमच्यासोबत काम करेल का? टेस्ट राइड याची घ्यायची असते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळून सांगतोय. धंद्याच्या सुरुवातीला मी एक जुनी गाडी घेतली होती. रंग चकाचक, सीट नवीन, एका किकमध्ये चालू. गल्लीत एक चक्कर मारली आणि पैसे मोजले. पहिल्याच आठवड्यात मालासकट चढावर गाडीने जीव सोडला. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे जात नाही. क्लचप्लेट संपलेली. त्या पाठोपाठ हाफ इंजिनचं काम निघालं. खर्च झाला तो झालाच, पण ज्या दोन दुकानदारांना मी "गुरुवारी नक्की" म्हटलं होतं, त्यातल्या एकाने नंतर माल घेतला नाही. ते गिऱ्हाईक मी गाडीच्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

तर सुरुवात सकाळपासून. विकणाऱ्याला सांगून ठेवा, "मी सकाळी सातला येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनजवळ हात न्या. गरम लागलं तर समजा, तुमच्या आधी कोणीतरी किक मारून ठेवली आहे. गार इंजिन खरं बोलतं. चालू व्हायला किती वेळ घेतं, टॅपेटचा किंवा टायमिंग चेनचा खडखड आवाज येतो का, सायलेन्सरमधून काय निघतं, ते बघा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघून विरली तर घाबरू नका. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिन उघडावं लागणार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. तशी असेल तर चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनचा दिवा लागून चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो विझतच नसेल, किंवा मुळात लागतच नसेल, तरी प्रश्न विचारा.

आता मुख्य गोष्ट. पोतं.

तुमचा माल जेवढा असेल तेवढं वजन सोबत न्या. या तरुणाच्या पाकिटांचा हिशेब केला तर ऐंशी पाकिटं म्हणजे चाळीस किलो. तिखट नको, रेतीची दोन पोती भरा, वीस-वीस किलोची. गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार लिहिलेला असतो, आणि त्या आकड्यात तुम्ही स्वतः पण धरलेले असता, हे बरेच जण विसरतात. पोती सीटच्या मागे कॅरिअरवर उंच बांधून एकदा बघा आणि दोन्ही बाजूंना खाली लटकवून एकदा बघा. मागे, चाकाच्याही पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात तरंगल्यासारखं वाटतं. एकट्याने चौकात जाऊन आलेल्या माणसाला हे कधीच कळत नाही. विकणारा पोती बांधू देत नसेल तर मित्राला मागे बसवा. तेही नको म्हणाला तर धन्यवाद म्हणा आणि घरी या.

मग निघा, पण तुमच्या रस्त्याने. भिवापूर ते उमरेड हा राष्ट्रीय महामार्ग ३५३ डी. उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत, तिकडे जड ट्रक भेटणारच. मोठा ट्रक समोरून सुसाट गेला की हवेचा झोत लागतो, तेव्हा लादलेली गाडी सरळ राहते का, तिथे समजेल. परतताना गावाकडच्या आतल्या रस्त्याला घाला. खड्ड्यात पुढून ठक्-ठक् आवाज आला तर कोनसेट किंवा शॉकअप बघावा लागेल. थांबून पुढचा ब्रेक दाबा आणि गाडी मागे-पुढे हलवा, खेळ असेल तर हातालाच जाणवतो. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल तर सील गेलंय.

क्लचची परीक्षा अशी: सपाट मोकळ्या रस्त्यावर, तीस-पस्तीसच्या वेगाला चौथा गिअर टाका आणि अॅक्सिलेटर पिळा. आवाज वाढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. माझ्या त्या गाडीला ही एक मिनिटाची परीक्षा मी घेतली असती तर आज हा किस्सा सांगायला नसता.

ब्रेक लादलेल्या गाडीवरच बघा. एप्रिल २०१९ नंतरच्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्र लागणारे ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं आहे. एकत्र ब्रेकच्या गाडीत मागचा पाय दाबला की पुढचाही थोडा लागायला हवा. ती वायर सैल करून ठेवली नाही ना, मिस्त्रीकडून खात्री करा.

"सर, एव्हरेज किती पडेल?" हा प्रश्न येणारच. वीस किलोमीटरच्या चकरेत एव्हरेज कळत नाही, कोणी छातीठोक आकडा सांगितला तरी. पण ते का कमी पडेल, ते कळतं. मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. लगेच अडून थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताणलेली आहे. मालक एक दिवस गाडी द्यायला तयार असेल तर टाकी फुल करा, दिवसभर चालवा, पुन्हा फुल करा.

याचा हिशेब कागदावर मांडा. पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. महिन्याला १,५०० किलोमीटर. साठचं एव्हरेज असेल तर २५ लिटर, म्हणजे २,५०० रुपये. पंचेचाळीसचं असेल तर सुमारे ३,३३० रुपये. फरक महिन्याला आठशे तीस, वर्षाला दहा हजाराच्या जवळ. "दोन हजार कमी करून घेतले" म्हणून खूश होणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

एक चक्कर संध्याकाळीही मारा. या पट्ट्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. वसुली करून परतताना अंधार पडतो, रस्त्यावर रानडुक्कर येऊ शकतं. हेडलाइट रस्ता दाखवतो की नुसता पिवळा उजेड पाडतो, ते दिवसा दिसणार नाही.

चक्कर मारण्याआधी तुमचं लायसन्स आणि गाडीचा चालू विमा, दोन्ही पाहिजेच. हेल्मेट स्वतःचं न्या. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ प्रत नको. कागदांवर वेगळा व्हिडिओ केलाय, इथे थोडक्यात: चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, थकलेले ई-चलान बघा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पवनीची गाडी असेल तर पासिंग भंडाऱ्याचं, एमएच ३६, आणि तुमचं नागपूर ग्रामीण, एमएच ४०. तेव्हा नेमकं काय लागेल ते पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. "नावावर नंतर करू" म्हणणाऱ्याला हेही सांगा की अपघात झाल्यास आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव त्याचीच भरपाईची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मग बहुतेक विकणारे स्वतःहून घाई करतात.

आता त्या तरुणाचं काय झालं? तो दुसऱ्या दिवशी सकाळी रेतीची पोती घेऊन गेला. मालक आधी हसला, मग म्हणाला, "एवढं कोणी पाहते का भाऊ? घ्यायची असेल तर घे." इंजिन गरमच होतं. पोती बांधून निघाला, उमरेड रोडवर चौथ्या गिअरला गाडी नुसती ओरडली. तो अर्ध्यातून परतला.

चार दिवसांनी त्याने दुसरी गाडी पाहिली. टाकीला पोचा, सीट फाटलेली. मालक शेतकरी, रोज दूध घेऊन जायचा, स्वतःच म्हणाला, "चेनसेट संपला आहे, बाकी पाहून घ्या. संध्याकाळी आणून द्या." सौदा एकतीस हजारांत झाला. चेनसेट, सीट आणि विम्याचे पैसे त्याने वेगळे काढून ठेवलेत. उरलेल्यातून पाकिटं आणि सीलिंग मशीन येणार आहे, आणि कॅरिअरऐवजी दोन्ही बाजूंना खाली बसणाऱ्या लोखंडी जाळ्या तो गावातल्याच वेल्डरकडून करून घेतोय.