कूलंट फुल्ल भरलं, तरी गाडी का तापते?

होज पाइप बदलला, नवीन कूलंट भरलं, बाटलीत पातळी मॅक्सपर्यंत आहे. आणि खंबाटकी घाटात काटा चढतोच आहे. का? तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते.

काय होतं बघा. वॉटर पंप कूलंट ढकलतो, पण हवेपुढे त्याचं काही चालत नाही. बुडबुडा मग उंचावरची जागा धरून बसतो, सिलिंडर हेडमध्ये नाहीतर केबिनच्या हीटरमध्ये. तेवढ्या भागाला कूलंट लागत नाही. हल्लीची हेड्स बहुतेक ॲल्युमिनियमची. फार तापली की वाकतात, हेड गॅस्केट जातं आणि पाइपाच्या कामाचं पूर्ण इंजिन खोलायचं काम होतं. त्यात तापमानाचा सेन्सरच बुडबुड्यात आला, तर काटा निवांत मधे आणि इंजिन मात्र भाजतंय! म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. इंजिन गरम असूनही हीटर गार हवा फेकतोय, डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येतोय, तर हवा आहे समजा.

आता ती काढायची कशी? इंजिन पूर्ण थंड हवं, ही अट आहे. गरम असताना आत दाब असतो. झाकण उघडलं की उकळतं कूलंट थेट अंगावर. गाडीचं नाक थोडं वर येईल अशा चढावर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड. हीटर फुल्ल गरमवर, पंखा हळू. कूलंट बारीक धारेनं ओता. घाईनं ओतलं की हवा खालीच दबते. मधेमधे वरचा जाड होज दाबत राहा, बुडबुडे वर येतात. काही गाड्यांना हवा सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करा, सलग धार आली की बंद.

मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. हात पंख्यापासून लांब, तो कधीही आपोआप फिरतो. साधारण ८० ते ९० अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते. इथे घाबरू नका, हवेची जागा कूलंटनं घेतली एवढंच. हळूच भर घाला. बुडबुडे थांबले, हीटर गरम वारा देऊ लागला, की झाकण घट्ट. काटा मधल्या खुणेच्या वर जायला लागला तर लगेच इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी परत बघा. थोडी उतरलेली असतेच.

अर्धा तास झाला तरी बुडबुडे थांबतच नाहीत? मग सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असू शकतो, म्हणजे हेड गॅस्केट. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.

आणि हो, बोअरचं पाणी घालू नका, आत क्षार धरतात. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच. रेडीमिक्स असेल तर तसंच ओतायचं, कॉन्सन्ट्रेट असेल तर सहसा निम्मं डिस्टिल्ड वॉटर. सांडलेलं लगेच धुऊन पुसा. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि त्यातलं एथिलीन ग्लायकॉल त्यांना थोडंसंही जीवघेणं ठरतं.